वहिनीने संपवलेली कार्डं

अॅपवरच्या माझ्या खात्यावर वहिनीही जर्मन शिकत होती, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. पुढचं सगळं त्यातून झालं, म्हणून तेवढं आधीच सांगतो.

आमचं घर जैनाबादला. पूल ओलांडला की बुऱ्हाणपूर, तिथं माझं कॉलेज. घरी केळी आहे, थोडा कापूस. बाबा शाळेत फार गेले नाहीत, दादा दहावीनंतर शेतात उतरला, आणि वहिनी बारावी होऊन रावेरकडून आमच्या घरी आली. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिला. त्यामुळे माझ्या अभ्यासाला घरात एक मान होता. मी पुस्तक उघडलं की टीव्हीचा आवाज खाली यायचा. कुणी आलं तर आई दारातच सांगायची, "हळू बोला, तो पढाई करून राहिला." कधी कधी मी पुस्तकात बघत नुसता बसलेला असायचो, तरी आवाज खालीच असायचा. हा मान मला इतका आवडतो हे तो अर्धा दुसरीकडे जाईपर्यंत मला माहीत नव्हतं.

जर्मन मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला सुरू केलं. कॉलेजातला एक पुढच्या वर्गाचा मुलगा म्हणाला होता की तिकडे कामाला माणसं हवी असतात, पण आधी भाषा पाहिजे. इंदूरच्या एक मॅडम ऑनलाइन शिकवायच्या. घराणं मराठी, त्यामुळे आम्हा मराठी मुलांशी त्या मराठीतच बोलायच्या. रविवारी सकाळी वर्ग असायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं की या वर्गानंतर इंदूरला परीक्षा होईल, आणि जो सगळ्यांत चांगला करेल त्या एकाला पुढच्या वर्गाची फी माफ. पुढच्या वर्गाची फी आम्हाला झेपणारी नव्हती. घरात हे कुणी बोललं नाही, पण मला ठाऊक होतं. ती एक जागा मला हवी होती. इतकी हवी होती की वर्गात कुणी माझ्याआधी उत्तर दिलं की मी स्क्रीनवर त्याचं तोंड मोठं करून बघायचो.

शब्द पाठ करायला मॅडमनी कार्डांचं एक अॅप सांगितलं होतं. कार्डाच्या एका बाजूला आपल्या भाषेतला शब्द, उलटलं की जर्मन. उलटल्यावर आपणच सांगायचं की आलं की नाही. त्यासाठी चार बटणं असतात. पुन्हा दाखव, अवघड गेलं, ठीक, सोपं. 'पुन्हा' दाबलं तर कार्ड लगेच परत येतं. 'ठीक' दाबलं तर काही दिवसांनी येतं, आणि दर वेळी 'ठीक' दाबत गेलं की ते लांब लांब जातं, महिना-महिना तोंड दाखवत नाही. रोज अॅप उघडलं की वर आकडा दिसतो, आज इतकी कार्डं बाकी. तयार कार्डं इंग्रजीत मिळत होती. पण मला आधी त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ शोधावा लागायचा, म्हणून मी माझी कार्डं स्वतः बनवली, मराठीत. माझं शिक्षण हिंदीतून झालं, तरी 'केरसुणी' आणि 'उंबरा' हे मला हिंदीत सुचत नाहीत.

दादाने त्याच्या मुलीला, माझ्या पुतणीला, गाणी बघायला कुणाकडून तरी एक जुना टॅबलेट घेतला होता. माझ्या फोनची बॅटरी टिकत नव्हती, म्हणून मी त्या टॅबलेटवरही अॅप टाकलं आणि माझ्याच खात्याने उघडून ठेवलं. मग विसरून गेलो, कारण टॅबलेट पुतणीच्या हातून सुटेल तर ना.

हिवाळ्यात कधीतरी माझ्या लक्षात आलं की संध्याकाळी बाकी असलेल्या कार्डांचा आकडा कमी कमी दिसतोय. मी कॉलेजातून येऊन चहा घेऊन बसलो की थोडीच कार्डं उरलेली असायची. मला वाटलं, मी हुशार होत चाललोय. अॅपला माझ्यावर भरवसा बसलाय. मी ते आकडे बघून खूश व्हायचो, आणि उरलेला वेळ मोबाइलवर काहीही बघायचो.

मग तो रविवार आला. मॅडम एकेकाला विचारत होत्या. मला म्हणाल्या, "साखर?"

साखरेचं कार्ड मी स्वतः बनवलं होतं. बनवल्याचं आठवत होतं. त्यापुढे काही नाही. मी तोंड उघडून बसलो. मॅडम म्हणाल्या, "आठव, आठव, सोपा आहे," आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्सुकर."

फोनचा माईक चालू होता. वर्गातली मुलं हसली. मॅडम म्हणाल्या, "हे कोण बोललं?"

"वहिनी आहे," मी म्हणालो. "चहा करून राहिली."

"त्यांना बोलाव ना जरा."

वहिनी हात पुसत आली, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि फोनपासून इतकी लांब बसली की स्क्रीनवर तिचा एक कान आणि पदरच दिसत होता. मॅडमनी विचारलं, खिडकी. तिने सांगितलं. बुधवार. सांगितलं. कांदा विचारला तर ती हसत म्हणाली, "त्स्वीबेल," आणि ते पहिलं अक्षर तिने 'चूल'मधल्या च सारखं काढलं. मी ते अक्षर इतके दिवस हिंदीतल्या ज सारखं म्हणत होतो आणि मॅडम दर वेळी सुधारत होत्या.

"ऐका रे," मॅडम वर्गाला म्हणाल्या, "असं. अगदी असं."

वर्ग संपल्यावर मी टॅबलेट घेऊन स्वयंपाकघरात गेलो. आई भाजी निवडत होती. मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "वहिनी, तुम्ही माझी कार्डं करता का?"

"हो," ती म्हणाली. "तो वरती आकडा यायचा ना, एवढे बाकी म्हणून. मला वाटलं तुमचं काम पडून राहिलंय. दुपारी मी मोकळी असते, ही झोपलेली असते. थोडं थोडं संपवून टाकायची."

"ते काम नाही वहिनी, तो अभ्यास आहे."

"आता बादलीत कपडे पडलेले दिसले तर ते कुणाचे आहेत बघून धुते का मी?"

"पण उत्तरं येत नसताना तुम्ही कसं काय..."

"सुरुवातीला नव्हतीच येत. उलटायचं, बघायचं आणि तिसरं बटण दाबायचं. ते दाबलं की निघून जायचं. मग काही काही परत यायचे, ओळखीचे वाटायला लागले." तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "का, काही बिघडलं का भाऊजी?"

काय सांगणार? आमच्या घरात कुणी कुणाचं काम अर्धवट ठेवत नाही. मोटर चालू राहिली तर जो बघेल तो बंद करतो, गाठोडं अर्धं बांधलेलं असेल तर जो जाईल तो बांधतो. तिने माझे शब्दही तसेच बांधून ठेवले होते. ती 'ठीक' दाबत गेली आणि अॅप समजत गेलं की मला आलं. दुपारी तिच्याकडून जेवढं संपत नव्हतं तेवढंच संध्याकाळी माझ्यासाठी उरायचं. म्हणजे मी जर्मन भाषेतलं वहिनीचं उरलेलं खात होतो.

दादा संध्याकाळी हे ऐकून इतका हसला की त्याला ठसका लागला. "म्हणजे पढाई हिने केली आणि सर्टिफिकेट तू घेणार. मस्त आहे तुझं."

मीही हसलो. हसणं भाग होतं.

त्यानंतर दर रविवारी मॅडम विचारायच्या, "ताई आहेत का?" वहिनी यायची. आधी लांब बसायची, मग जवळ, मग फोन आमच्या दोघांच्या मध्ये ठेवावा लागला. मी तो बोटाने थोडा माझ्याकडे सरकवायचो. तिच्या ते लक्षात यायचं की नाही, मला अजून माहीत नाही.

मला तिच्या स्मरणशक्तीचा हेवा नव्हता. तेवढंच असतं तर मी जास्त पाठांतर केलं असतं. ती चुकायला घाबरत नव्हती, त्याचा होता. मी उत्तर द्यायच्या आधी ते मनात म्हणून बघायचो, पुन्हा म्हणून बघायचो, आणि तोवर प्रश्न पुढच्याकडे गेलेला असायचा. वहिनी चुकीचं बोलायची, सगळे हसायचे, तीही हसायची आणि लगेच बरोबर बोलायची. मला वाटायचं, हिला काय, हिचं काही जात नाही. माझं सगळं जातंय. आणि शब्द तरी कुणाचे होते? एकेक शब्द मी निवडला होता, मराठी अर्थ मी लिहिला होता. माझे शब्द तिच्या तोंडात जास्त शोभत होते.

पुतणी दुधाला 'मिल्श' म्हणायला लागली. दादा शेतातून आला की वहिनी त्याला जर्मनमध्ये काहीतरी विचारायची आणि तो "हो, दोन पोळ्या वाढ" असं काहीही उत्तर द्यायचा. घरात हसणं वाढलं होतं. मी त्यात असायचो, पण माझं हसणं जरा उशिरा यायचं.

एकदा कॉलेज लवकर सुटलं. मी भर दुपारी घरी आलो. आई टीव्हीसमोर बसली होती आणि टीव्हीवर नुसती चित्रं हलत होती, आवाज नव्हता. मी म्हणालो, "आवाज बिघडला का?"

"हळू बोल," आई म्हणाली. "ती पढाई करून राहिली."

आतल्या खोलीत वहिनी झोपलेल्या मुलीशेजारी टॅबलेट घेऊन बसली होती. मी उन्हातून आलो होतो, तहान लागली होती, तरी मी पाणी न पिता बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. त्या दिवशी मला खात्याचा पासवर्ड बदलावासा वाटला. फोन काढला, त्या पानापर्यंत गेलोही. पण मग ती विचारेल, भाऊजी, उघडत का नाही, आणि मला काहीतरी सांगावं लागेल, आणि मला खोटं पटकन सुचत नाही. चांगुलपणामुळे थांबलो असं म्हणता येणार नाही. फोन खिशात ठेवला.

फेब्रुवारीत मॅडमनी परीक्षेसाठी नावं मागितली. मी माझं दिलं. मॅडम म्हणाल्या, "आणि ताई? त्यांनीही बसावं असं मला वाटतं. बारावी झालेल्या आहेत, काही अडचण नाही. आणि पुढच्या वर्गाच्या त्या जागेसाठी सगळेच असतील, त्याही."

मी "घरी विचारतो" म्हणालो. विचारलं मात्र वहिनीनेच, दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसले असताना. पोळी वाढता वाढता म्हणाली, "मॅडम म्हणतात मीही परीक्षा द्यावी. एकच दिवस जायचंय इंदूरला."

आई म्हणाली, "पोरगी?"

"मी बघतो ना पोरीला," दादा म्हणाला. "नाहीतर आम्ही दोघंही जाऊ सोबत."

"जाऊन काय होणार पण?" आई म्हणाली. तिचा विरोध नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. "उगाच जाऊन नापास होऊन आली तर लोक हसतील. जमणार आहे का हिला?"

बाबा इतका वेळ ताटात बघत होते. ते म्हणाले, "मला काय विचारतेस. यालाच विचारा. याला समजतं त्यातलं." आणि माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. "सांग रे. जमेल का तिला?"

आमच्या घरात शाळेचा, फॉर्मचा, बँकेचा, कुठलाही कागदी प्रश्न आला की असंच होतं. मी सांगेन ते खरं. खत कोणतं टाकायचं हे मला कुणी विचारत नाही, पण हे मलाच विचारतात. मी "अजून एक वर्ष थांबू द्या" म्हणालो असतो तर ते तिथंच संपलं असतं. कुणी उलट विचारलं नसतं. वहिनीनेही नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती. पोळ्यांच्या डब्याचं झाकण तिने हातात धरलं होतं आणि ते लावत नव्हती.

"जमेल," मी म्हणालो.

"मतलब, पास होईल?" बाबा.

"होईल."

"तुझ्याइतकी?"

मला इथं थांबता आलं असतं. हो म्हणालो असतो तरी चाललं असतं. "माझ्यापेक्षा बरी," मी म्हणालो. ते इतक्या हळू निघालं की आईने विचारलं, काय म्हणाला, आणि दादाने मोठ्याने सांगितलं.

"मग जाऊ दे," बाबा म्हणाले आणि भाजी मागितली. एवढंच.

मी एक अट घातली. खाती वेगळी करायची. वहिनीला मी टॅबलेटवर नवीन खातं काढून दिलं आणि माझी सगळी कार्डं त्यावर पाठवली. तिथं कोणताच इतिहास नव्हता, सगळे शब्द कोरे. माझ्या खात्यावर तर आमच्या दोघांची खिचडी होती. त्यातलं तिचं किती आणि माझं किती हे अॅपला सांगता येत नव्हतं, म्हणून मीही सगळं पुसून पहिल्यापासून सुरू केलं. परीक्षेला थोडेच आठवडे होते. माझ्यासमोर रोज इतकी कार्डं येऊन पडायची की आकडा बघून घाम फुटायचा. तेव्हा मला कळलं की मला किती कमी येत होतं.

संध्याकाळी आम्ही पडवीत दोन टोकांना बसायचो. मी फोन घेऊन, ती टॅबलेट घेऊन. काचेवर बोट पडल्याचा टक असा आवाज येतो. तिचे टक एकामागे एक पडायचे. माझ्या दोन टकांमध्ये बराच वेळ जायचा. मी कान तिकडे लावून बसायचो आणि त्या नादात माझ्यासमोरचं कार्ड कोणतं आहे हेच विसरायचो.

इंदूरला दादा, वहिनी, पुतणी आणि मी असे बसने गेलो. वाटेत वहिनी म्हणाली, "भाऊजी, विचारा ना मला." मी शोधून शोधून अवघड विचारले. आले तिला. मग तिने मला विचारले, आणि सगळे सोपे विचारले. खुर्ची, दार, पाणी. मी खिडकीबाहेर बघत उत्तरं देत राहिलो. तिने मला हरवायला बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

लेखी माझं ठीक गेलं. तोंडी परीक्षेत समोरच्या बाईंनी माझ्या गावाबद्दल विचारलं. मी नदी आहे, केळी आहे, असं पाठ केलेलं सांगितलं आणि त्यांनी पुढे काही विचारलं तेव्हा तेच पुन्हा सांगितलं. वहिनी आत गेली तेव्हा दाराबाहेर तिचं आणि त्या बाईंचं हसणं ऐकू आलं. दादा पुतणीला खांद्यावर घेऊन उभा होता. "काय बोलून राहिली असेल रे?" त्याने मला विचारलं. मला माहीत नव्हतं.

निकालाचा फोन माझ्या मोबाइलवर आला. मॅडम म्हणाल्या, "पास झालास. छान." मी जागेचं ऐकायला फोन कानाला दाबून धरला. मग म्हणाल्या, "ताई जवळ आहेत का?"

मी फोन वहिनीला नेऊन दिला आणि तिथंच उभा राहिलो, जायला हवं होतं तरी. ती ऐकत होती. तिचा चेहरा आधी उजळला आणि मग तिने माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाली, "मॅडम, ती जागा भाऊजींना द्या ना. ते कॉलेजात आहेत, त्यांच्या कामाला येईल. मी घरी ऐकेन त्यांच्याकडून."

मॅडम काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलत होत्या, आणि वहिनी "हो, हो" करत होती. जागा तिचीच राहिली. मला ती दुसऱ्याच्या हातून नको होती, आणि मिळाली नाही म्हणूनही वाईट वाटलं. दोन्ही एकाच वेळी. पण सगळ्यांत जास्त मला याचा हेवा वाटला की तिला ती देऊन टाकता येत होती. मला मिळाली असती तर माझ्या मनात हे आलंसुद्धा नसतं.

आता तिचा वर्ग आठवड्यातून तीनदा असतो, चहाच्या वेळेनंतर. पोळ्या तेव्हा आई करते आणि कुरकुरते की हिच्या जर्मनीमुळे माझे हात भाजतात. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. काही दिवस मी जर्मनला हात लावला नाही. मग एका संध्याकाळी वहिनीच्या वर्गातून असे शब्द ऐकू यायला लागले जे मला माहीत नव्हते, आणि ते मला सहन होईना. दुसऱ्या दिवशी ती पडवीत तूर पाखडत होती. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

"वहिनी, काल काय शिकवलं?"

"सांगू?" ती म्हणाली. "फी काय देणार?"

"चेष्टा करू नका."

"बरं, बसा." तिने सूप खाली ठेवलं, हात झटकले आणि टॅबलेट उघडला. आता कार्डं तिने बनवलेली होती. पहिलंच होतं, 'दीर कॉलेजातून येतो आणि चहा मागतो.' माझ्या कार्डांवर कधी एवढं लांब वाक्य नव्हतं, आणि माणूस तर कधीच नव्हता.

तिने कार्ड उलटलं, मी मागचं जर्मन वाचलं. ती म्हणाली, "नाही, पुन्हा." मी पुन्हा वाचलं. तिने मान हलवली आणि तोंड गोल करून दाखवलं. मी तसं करून बघितलं, जमलं की नाही कळलं नाही. या वेळी ती मला न सुधारता पुढच्या कार्डावर गेली. मला ते आवडलं नाही. पण पुढचं कार्ड वाचायला मी तिच्या बाजूला थोडा सरकलो.